शिवलेला खण

माझी आई स्तनाच्या कर्करोगातून पूर्ण बरी झाली. तो तिला कधीच झालेला नव्हता, पण त्यामुळे बरं होण्याला काही कमीपणा येत नाही. आरोग्य विभागाच्या वार्षिक समारंभात तिचा सत्कार झाला. शाल दिली, श्रीफळ दिलं, आणि ओटीत एक खण घातला. आईने तो खण व्यासपीठावरच उलटापालटा करून पाहिला आणि शेजारी उभ्या असलेल्या साहेबांना विचारलं, "हा कुणाचा?" टाळ्या वाजत होत्या, त्यामुळे साहेबांना ऐकू आलं नाही. ते हसले.

हे काहीच झालं नाही असं आपण धरू. सत्कार नाही, शाल नाही, आजार तर नाहीच. आई वरच्या मजल्यावर, काकू खालच्या मजल्यावर, दोघी धडधाकट, आणि दोघींचं एकमेकींशी बोलणं बंद. इथून सुरू करू. इथपर्यंत सगळं छान होतं.

आमचं शहर मागांचं. घरात कापूस नाकातून निघतो आणि लोक ओरडून बोलतात, कारण दिवसभर शेडमध्ये यंत्रमागांचा खडखडाट ऐकून कोणालाच साधं बोलणं ऐकू येत नाही. आमच्या दुमजली घरात खाली थोरले काका आणि उज्ज्वलाकाकू, वर बाबा, आई आणि मी. काका आणि बाबा एकाच शेडमध्ये माग चालवतात. आपल्या बायका एकमेकींशी बोलत नाहीत हे त्यांच्या लक्षात यायला तीन-चार वर्षं लागली.

भांडणाचं कारण एक जांभळा खण. मी पाळण्यात असताना आईने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूच्या ओटीत तो घातला. पुढच्या संक्रांतीला काकूने तोच आईच्या ओटीत घातला. आता, मिळालेला खण पुढे देणं हा काही गुन्हा नाही. सगळा महाराष्ट्र त्यावर चालतो. खण हा शिवायचा नसतोच. तो ओटीतून कपाटात जातो, कपाटातून दुसरीच्या ओटीत, आणि असा घड्या न मोडता पिढ्यान्‌पिढ्या फिरतो. नियम एकच: जिने दिला तिच्याचकडे परत जाता कामा नये. काकू तेवढं चुकली. आईने तो वर्षभर जपून ठेवला आणि पुढच्या संक्रांतीला काकूच्या ओटीत घातला. तेव्हापासून तो खण आमच्या जिन्यावरून एक वर्ष खाली, एक वर्ष वर असा ये-जा करत होता. मी शाळा संपवली, पदवी घेतली, नोकरीला लागले. खणाची घडी तशीच. हळदीकुंकू लावताना दोघी एकमेकींच्या कपाळाकडे बघत. डोळ्यांकडे नाही.

विशेष म्हणजे काकू गल्लीतल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज शिवून देते. ओटीत आलेला खण मात्र तिने स्वतःसाठी कधी शिवला नव्हता.

मग आरोग्य खण आला.

त्यामागचं विज्ञान मला तोंडपाठ आहे, कारण ते सांगण्याचा मला पगार मिळतो. स्तनातल्या पेशी बिघडल्या की लगेच गाठ होत नाही. आधी वर्ष-दोन वर्षं त्या गुपचूप तयारी करतात. त्यांना रक्त जास्त लागतं, म्हणून आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्या स्वतःकडे ओढून घेतात. त्या जागेची कातडी अगदी किंचित गरम राहते. तिथून वीज वाहण्याची रीत बदलते. घामात काही नवे रेणू उतरतात. हे सगळं इतकं थोडं असतं की कुठल्याही यंत्राला एका तपासणीत दिसत नाही. पण महिनोन्‌महिने अंगाला लागून असलेल्या वस्तूला कळू शकतं. अशी वस्तू कोणती, यावर शास्त्रज्ञांनी पुष्कळ डोकं चालवलं आणि त्यांना ब्लाउज सापडला.

म्हणून चांदीचा मुलामा दिलेल्या धाग्यांचं कापड विणलं गेलं. हे कापड सुरुवातीचे काही आठवडे काही बोलत नाही. फक्त शिकतं. ही बाई चुलीपुढे किती तापते, पाळीच्या आधी काय बदलतं, जिना चढली की काय होतं. ते तिचं 'नेहमीचं'. त्यानंतर नेहमीपेक्षा वेगळं काही टिकून राहिलं, की कापड मी काम करते त्या प्रतिसाद कक्षाला कळवतं, आणि पडद्यावर त्या बाईचं नाव हिरव्याचं लाल होतं. मग खणाने टिपलेल्या खुणांवरून तिच्यापुरती एक लस घडवतात. तिचं नाव शमन. शरीराच्या पहारेकरी पेशींना ती लस शिकवते, की ही खूण दिसली की मारा. प्रत्येकीची खूण वेगळी, म्हणून प्रत्येकीचा डोस वेगळा. गाठ होण्याआधी दिला तर गाठ होतच नाही. गाठ झाल्यावर दिला तर ते पाणी. तोवर पेशींनी खूण बदललेली असते.

हे खरोखर चालतं. मी चेष्टा करत नाही. चाचणीत ज्या बायकांनी खण घातला, त्या वाचल्या.

अडचण वाटपात आली. बायका तपासणीच्या शिबिराला येत नाहीत पण हळदीकुंकवाला येतात, हे आरोग्य खण योजनेच्या समितीच्या ध्यानात आलं. म्हणून खण सरकारी हळदीकुंकवात, ओटी भरून द्यायचा ठरला. समितीत सगळे पुरुष होते, आणि त्यांच्यापैकी एकानेही कधी आईचं कपाट उघडलेलं नसावं. राज्यात एकच कापड असं आहे जे कोणी शिवत नाही. त्यांनी शेकडो कापडांमधून नेमकं ते निवडलं.

खण घेताना किनारीवरच्या टिकलीवर अंगठा लावायचा. त्यावरून खणाला नाव कळायचं. शरीर मात्र त्याला घालणारीकडून कळणार होतं. नाव आणि शरीर एकाच बाईचं असेल, हे समितीने गृहीत धरलं. ते लिहूनसुद्धा ठेवलं नाही, इतकं गृहीत धरलं.

आईला मिळाला आमसुली खण, चंदेरी किनारीचा. काकूला बदामी. घरी आल्यावर मी आईला बजावलं, "शिवून घाल. नुसता ठेवायचा नाही."

"घालते की."

काही दिवसांनी विचारलं, "शिवलास?"

"शिवला की. तू तुझं जेव."

मी जेवले. आई घरात गाऊनवर असते. ब्लाउज कधी घालते हे बघत मी बसत नाही.

झालं होतं असं, की त्या संक्रांतीला जांभळा खण द्यायची पाळी आईची होती. काकू कुंकवाला जिना चढून येऊन बसली, आणि जांभळा खण सापडेना. कपाटात हात घालून आईने जो हाताला लागला तो दिला. आमसुली.

तिच्या मनात पापाचा लवलेश नव्हता. रेशन अंगठ्यावर, गॅस अंगठ्यावर, पेन्शन अंगठ्यावर. अंगठा दिला की सरकारला आपल्याबद्दल सगळं कळतं, हे तिला माहीत होतं. खण तर नुसती ओटी. तो पुढे गेला म्हणून काय बिघडतं?

आणि काकूने खाली जाऊन घडी उघडली, तर जांभळा नाही. नवा, आमसुली, चंदेरी किनारीचा. तिला तो बाजारातून मुद्दाम आणलेला वाटला. स्वतःचा बदामी खण तर तिने अंगठा देऊन, धड न बघताच लेकीच्या सासूच्या ओटीत घातला होता, त्यामुळे सरकारी खण दिसतो कसा हे तिला ठाऊकच नव्हतं. तिला वाटलं, धाकट्या जावेने इतक्या वर्षांनी भांडण मिटवलं. तिने तो आयुष्यात पहिल्यांदा कापला, शिवला आणि घातला. धुवायची आणि तोच परत घालायची.

पुढच्या श्रावणात, आमच्या कक्षात, माझ्याच पडद्यावर एक नाव लाल झालं. हेमलता हावळ.

नियमानुसार ज्याच्या पडद्यावर नाव येतं, त्याने फोन करायचा. फोन ध्वनिमुद्रित होतो आणि ठरलेल्या मजकुराबाहेर बोललं की वरिष्ठ विचारतात.

"नमस्कार. मी आरोग्य खण प्रतिसाद कक्षातून बोलते आहे. हेमलता हावळ बोलताहेत का?"

"समे, डबा विसरलीस काय?"

"आपण बसलेल्या आहात का?"

"भाकरी तव्यावर आहे. बोल की."

"कृपया बसून घ्या."

"आधी तू माणसासारखी बोल."

"आपल्या खणाने एक प्राथमिक सूचना दिली आहे. घाबरण्याचं कारण नाही." मजकुरात या वाक्यानंतर लगेच कारण सांगायचं असतं. मी सांगितलं. खण तुम्हीच घालता ना, हा प्रश्न मजकुरात नव्हता. परक्या बाईला तिच्या ब्लाउजविषयी विचारणं समितीला असभ्य वाटलं होतं.

फोनवर तव्यावरून उलथनं खरवडल्याचा आवाज आला.

"करपली बघ," आई म्हणाली.

इस्पितळात सगळे फोटो काढले. डॉक्टरांनी ते दिव्यावर धरले आणि समाधानाने मान हलवली. "काहीच दिसत नाही."

बाबांनी हात जोडले. "म्हणजे काही नाही?"

"म्हणजे अगदी वेळेत सापडलं. दिसायला लागल्यावर उपयोग नसतो." या युक्तिवादातून सुटायला वाट नव्हती. निरोगी माणूस आणि अगदी वेळेत सापडलेला रोगी, दोघांचा फोटो सारखाच येतो.

गल्लीत बातमी पसरली त्या दुपारी जिन्यावर पावलं वाजली. हळदीकुंकू नसताना काकू वर आली, असं माझ्या आठवणीत कधी झालं नव्हतं. आई पलंगावर बसली होती.

"हेमा, उठू नकोस."

"अक्का, तुम्ही कशाला..."

"गप बस. समे, पीठ कुठंय?" काकूने पदर खोचला आणि कणीक मळायला घेतली. अंगात आमसुली ब्लाउज होता. चांगला बसला होता. मला नुसतं वाटलं, काकूने बऱ्याच वर्षांनी काहीतरी नवं घेतलं.

डोस दिल्यावर आई आजारी पडली. लस तिच्या अंगात एक खूण शोधत होती आणि ती खूण तिथे नव्हती. पहारेकरी पेशी चिडलेल्या, समोर चोर नाही. त्या सांध्यांमध्ये शिरल्या, केसांच्या मुळाशी शिरल्या. ताप येई, बोटं वळत नसत, उशीवर केसांचे पुंजके. डॉक्टर म्हणत, "लस काम करतेय."

पण खरं सांगायचं तर, त्या महिन्यांत आमच्या घरात जितकं हसू होतं तितकं आधी कधी नव्हतं. दोघींच्या वीसेक वर्षांच्या चुगल्या साचून राहिल्या होत्या. मेलेल्या माणसांच्या चुगल्यासुद्धा त्यांनी सोडल्या नाहीत. काकू सकाळी वर यायची ती संध्याकाळी खाली जायची. आईला पेज भरवायची, आणि आईने तोंड वाकडं केलं की म्हणायची, "गीळ. तुझ्या सासूनं मला याच्याहून वाईट वाढलंय."

एके दिवशी ती आईचे उरलेले केस विंचरत होती. मी शेजारी बसले होते. सहज म्हणाली, "हा ब्लाउज कसा बसलाय बघितलास? तुझ्या आईनं दिला. संक्रांतीला. रंग बघ की, डोळं आहेत तिला."

आई डोळे मिटून पडली होती. मी किनारीकडे पाहिलं. शिवणीत अर्धी दुमडलेली अंगठ्याची टिकली होती, आणि तिच्याखाली क्रमांक.

मी कक्षात गेले आणि आईचा तक्ता उघडला. डोस दिल्यानंतर लाल खुणा कमी व्हायला हव्या होत्या. त्या वाढत होत्या. प्रत्येक नोंदीपुढे यंत्राने आपोआप लिहिलं होतं: उपचारोत्तर चढउतार, दुर्लक्ष करावे.

घरी येऊन, काकू खाली गेल्यावर, आईला विचारलं. तिने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "पण अंगठा माझा होता की गं."

"अंगठा नावापुरता, आई. आजार अंगावरून कळतो. खण काकूच्या अंगावर होता."

आईने स्वतःच्या न वळणाऱ्या बोटांकडे पाहिलं. "मग हे माझ्यात जे घातलं, ते अक्कांचं?"

"तिचं."

आमचे विभागीय समन्वयक पाटोळे साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि दार लावून घेतलं.

"एका खणाला एक डोस," ते म्हणाले. "त्याच खुणेचा दुसरा डोस मागितला की यंत्रणा दुबार लाभार्थी म्हणून अडवते. त्याला उपाय आहे. हस्तांतर प्रतिज्ञापत्र. देणारीने लिहून द्यायचं की मी खण पुढे दिला, घेणारीने लिहून द्यायचं की मी घेतला. समोरासमोर सही."

"आतापर्यंत किती आली?"

"एकही नाही." ते अभिमानाने म्हणाले. "सबंध विभागात एकही खण हस्तांतरित झालेला नाही. मागच्या महिन्यात शिबिर घेतलं होतं मी. हॉल भरला होता."

मी त्या शिबिराला होते. हॉल खरोखर भरला होता. बायका एकमेकींकडे न बघता चहा प्यायल्या आणि गेल्या. शेजारणीसमोर उठून 'हिने दिलेली ओटी मी तिसरीला दिली' असं कोण म्हणणार? त्यापेक्षा कर्करोग बरा. आमच्या गल्लीतल्या एक बाई तर निघताना मला म्हणाल्या, "आमच्यात असलं चालत नाही हो." त्यांनी दिलेला खण त्या वेळी माझ्या मैत्रिणीच्या मावशीच्या कपाटात होता. अशा किती बायका दुसरीच्या वाटच्या लसीने तापल्या आणि किती जणी हिरव्या नावाने घरी बसल्या, मला माहीत नाही. कोणालाच नाही.

आई म्हणाली, "मला दोन-चार दिवस दे. मी सांगते त्यांना." दोन-चार दिवस गेले. काकू रोज वर येत होती, हसत होती, आणि आईच्या तोंडून शब्द निघत नव्हता. शेवटी मीच प्रतिज्ञापत्र घेऊन खाली गेले. काकू मशीनवर बसली होती. मी सगळं सांगितलं. आजारसुद्धा.

"खुळी आहेस," काकू म्हणाली. "हा खण हेमानं बाजारातनं आणलाय."

"काकू, किनारीवर नंबर आहे."

"कापडाला नंबर असतोच. शिवणाऱ्या बाईला शिकवू नकोस."

"सही केली नाही तर डोस नाही मिळणार."

"मला काय झालंय? पोटभर जेवते, दिवसाला चारदा तुमचा जिना चढते." तिने मशीन थांबवली आणि आवाज खाली आणला. "आणि सही केली म्हणजे मी सरकारला लिहून देणार, की माझ्या जावेनं मला टाकलेलं दिलं. ती वर केस गळून पडलेली, आणि मी असलं लिहून देऊ? तिला काय वाटंल?"

मी वर जाऊन आईला हे जसंच्या तसं सांगितलं. आई उठली. पंधरा दिवस ती न्हाणीघरापलीकडे चालली नव्हती. कठडा धरून, एका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, ती जिना उतरली आणि काकूच्या दारात उभी राहिली.

"अक्का, तो खण सरकारी होता. फुकटचा."

काकूने हातातलं कापड मशीनवर ठेवलं.

"मला रंग आवडला नव्हता. तुम्हाला द्यायचं माझ्या मनातसुद्धा नव्हतं. हाताला लागला म्हणून दिला."

"हेमा, तुला ताप आहे."

"ताप नाही. जांभळा सापडत नव्हता, म्हणून दिला."

काकूने सुई मशीनच्या पट्टीत नीट खोचली. "आणि सापडला असता तर?"

"तर तोच दिला असता," आई म्हणाली.

काकूने माझ्याकडे हात केला. "आण तो कागद." सही केली. मग आत गेली, ब्लाउज बदलून आली, आमसुली ब्लाउजची घडी घालून माझ्या हातात दिली. आईकडे न बघता म्हणाली, "आता वर जा."

त्या दिवसापासून जिन्यावर पावलं वाजली नाहीत. आई अंथरुणात भिंतीकडे तोंड करून पडायची, आणि मी काही विचारलं तर म्हणायची, "सही केली ना? मग झालं."

विभागातलं ते पहिलं हस्तांतर प्रतिज्ञापत्र. त्याचं काय करायचं हे कोणालाच ठाऊक नसल्याने ते वर गेलं, आणि वरून उत्तर आलं की वादग्रस्त खण पुरावा म्हणून सीलबंद करून गोदामात ठेवावा आणि महिलेस नवीन खण द्यावा. डोसाचा विचार नवीन खणाच्या सूचनेनंतर करता येईल.

मी पाटोळे साहेबांकडे धावले. "साहेब, नवा खण आधी तिचं नेहमीचं काय ते शिकणार. ती आता आजारी आहे. तो आजारालाच नेहमीचं समजेल. ती चांगली असताना कशी होती हे फक्त जुन्या खणाला माहीत आहे."

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे खण चूक सांगतो असं तुमचं म्हणणं आहे?"

"या बाबतीत, हो."

"मग तुमच्या आईंचा खण बरोबर कसा?"

चहा आला.

काकूने नवा खण शिवला आणि घातला. काही आठवडे तो शिकला. मग पडद्यावर तिचं नाव उमटलं, स्वच्छ हिरवं. उज्ज्वला हावळ, निरोगी. योजनेच्या इस्पितळात हिरव्या बाईला वेळ मिळत नाही. काकांनी तिला बाहेर दोन ठिकाणी दाखवलं, पण फोटोत काही दिसत नव्हतं, आणि दोन्हीकडच्या डॉक्टरांनी नाव हिरवं आहे हे पाहून काकांनाच झोपेची गोळी लिहून दिली.

पुढच्या वर्षी गणपतीच्या सुमारास अंघोळ करताना काकूच्या हाताला गाठ लागली. त्यानंतरचं काही विज्ञान नाही. ते जुन्याच पद्धतीने झालं, जसं पूर्वी व्हायचं. सलाइनच्या नळ्या, उलट्या, काकांचं शेडवर न जाणं. सगळा वेळ तिचं नाव हिरवंच होतं.

दिवाळीनंतर काकूने मला खाली बोलावलं. मशीनवर एक ब्लाउज पडला होता. जांभळा. आईच्या आजारपणात तिचे कपडे आवरताना तिला कपाटामागे पडलेला खण सापडला होता, आणि तिने तो गुपचूप खाली आणून ठेवला होता.

"हा आईला दे. म्हणावं आता परत फिरायचा नाही. कापला मी."

आईने तो घातला आणि खाली गेली. ब्लाउज अंगावर लोंबत होता.

"सैल झाला," काकू म्हणाली. तिला बोलायला त्रास होत होता. "मापं तुझ्या आजाराच्या आधीची घेतली."

"असू दे, अक्का."

"अंग भरलं की बसंल."

आई तिच्या पायाशी बसली. त्यानंतर दोघी काही बोलल्या नाहीत, पण या वेळी ते वेगळं होतं, एवढं मला कळलं. संक्रांतीच्या आधी काकू गेली. सवाष्ण गेली म्हणून आईने तिची ओटी भरली. कपाटात खणांचा ढीग होता, तरी कुठला घालायचा हे तिला बराच वेळ ठरवता आलं नाही.

चौथ्या दिवशी काकांच्या फोनवर योजनेचा संदेश आला: आपला आरोग्य खण काही दिवस परिधान केलेला आढळला नाही. निरोगी राहण्यासाठी खण नियमित वापरा.

आणि मग तो समारंभ, जो झाला नाही असं आपण धरलं होतं. आई सत्काराला जांभळा ब्लाउज घालून गेली. घरी आल्यावर मिळालेला खण तिने टेबलावर ठेवला, मला समोर बसवलं आणि म्हणाली, "तुला सरकारी भाषा येते. लिही." मी लिहिलं. तिने वाचून घेतलं आणि अंगठा देणार नाही म्हणाली. बोटं वळत नसतानाही वेडीवाकडी सही केली.

प्रति,
मा. विभागीय समन्वयक,
आरोग्य खण योजना.

विषय: डोस वर्ग करणेबाबत.

महोदय,
मी, हेमलता हावळ, वरील योजनेतून पूर्ण बरी झालेली लाभार्थी, अर्ज करते की, मला देण्यात आलेला शमन डोस माझी थोरली जाऊ कै. उज्ज्वला हावळ यांच्या खुणांवरून घडवलेला असून तो माझ्या अंगात विनावापर पडून आहे. तरी सदर डोस माझ्याकडून परत घेऊन, गाठ होण्यापूर्वीच्या तारखेने, त्यांच्या नावे वर्ग करण्यात यावा. हे नियमात बसत नसल्यास, गोदामात सीलबंद असलेला त्यांचा आमसुली ब्लाउज मला परत मिळावा. तो शिवलेला असल्याने पुढे कोणाच्याही ओटीत जाणार नाही, याची मी हमी देते.